तीन नंबरची खुर्ची

सोमवार, २४ फेब्रुवारी २००३

...आणि दुसरं म्हणजे, मला बोलायला कोणी नाही म्हणून मी तुझ्यात लिहितोय असं समजू नकोस. कोणी नाही हे खरं आहे, पण कारण ते नाही. त्या हँडबुकात लिहिलंय की तपास करणाऱ्याने रोजची नोंद ठेवावी. जे दिसलं ते, ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी, नंतर खाडाखोड न करता. कॉम्प्युटरवरच्या गुन्ह्यांचा तपास कसा करावा याची, अमेरिकेतल्या पोलिसांसाठीची हँडबुक आहे, एकशे बारा पानं. डाउनलोड व्हायला तीन संध्याकाळी गेल्या, मधे दोनदा लाइन तुटली. पुसलेली फाइल खरं तर पुसली जात नाही, फक्त तिचा पत्ता पुसला जातो, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कोणाला सांगणार? आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. प्रिंटरची शाई बघ."

आप्पा म्हणजे माझे मालक. मारुती मंदिरजवळ आमचा सायबर कॅफे, चार मशीन, एक फोन लाइन. आप्पा रोज संध्याकाळी "नऊ वाजले, उठा रे, घरं आहेत ना?" म्हणून सगळ्यांना हाकलतात आणि आठ पन्नासची गोळपची एसटी पकडतात. मग शटर मी ओढतो. खोलीवर जायचं, खानावळीचा डबा खायचा. आईबाबा देवरुखला. बाबा शाळेत मास्तर, त्यांना मी बीएड करायला हवं होतं. मी बीएस्सी करून सायबर कॅफेत बसलो, तेव्हापासून ते फोनवर फक्त हवापाणी विचारतात.

माझे दोन मेल आयडी आहेत. मी एकावरून दुसऱ्यावर मेल पाठवतो आणि हेडर वाचतो. हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावर लपलेला मजकूर: कुठल्या कनेक्शनवरून निघाला, किती वाजता, कुठून कुठे गेला. आज पाच मेल आले. पाचही माझेच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मनस्विनी आज अर्धा तास काउंटरशी उभी राहून बोलली! टीवायला आहे, फिजिक्स. मंगळवारी-गुरुवारी येते, आज शुक्रवार असूनही आली. मी तिला रजिस्टरमध्ये लिहीत नाही. लिहिलं की पैसे घ्यावे लागतात.

तिने विचारलं, "मेल कोणी पाठवला हे कळतं का रे? नाव खोटं असलं तरी?"

मी म्हटलं, कळतं पण आणि नाही पण. कनेक्शनपर्यंत पोचता येतं, मग मशीनपर्यंत. खुर्चीत कोण बसलं होतं ते मशीन सांगत नाही.

"म्हणजे तुमच्यासारख्या कॅफेतून केला तर?"

"तर रजिस्टर बघायचं."

तिने एवढं लक्ष देऊन ऐकलं की काय सांगू. नवीन आयडी कसा काढायचा तेही शिकवलं. जर्नल पूर्ण नाही म्हणून जरा टेन्शनमध्ये होती, सर सही देत नाहीयेत. मी म्हटलं, ग्राफ मी काढून देतो कॉम्प्युटरवर. हसली.

रितेश तेवढ्यात आला आणि म्हणाला, "काय उन्मेषशेठ, आज क्लास भरवलास वाटतं." मेला!

गुरुवार, ६ मार्च

साधाच दिवस. तरी नियम म्हणून लिहितो.

रितेश आला, तीन नंबरवर बसला. त्याच्याबद्दल तुला नीट सांगितलं नाही. मंडणगडकडचा, इथल्या कॉलेजात लॅब अटेंडंट आहे, टेम्पररी. भाऊ शारजात, त्याला मेल करायला येतो. टायपिंग एका बोटाने. पासपोर्टला अर्ज टाकलाय. या गावात मला नावाने हाक मारून चहाला नेणारा हा एकच. परवा एचओडींनी सगळ्या पोरांसमोर झापलं त्याला, बीकर फुटला म्हणून. "फोडलान भलत्यानंच, बोलणी मला," म्हणाला. आज भावाने दिलेलं घड्याळ मला पुढे करून दाखवत उठला. "सव्वासहा झाले, साडेसहाची खेडशी गाडी गेली तर चालत जावं लागंल." रजिस्टरवर न बघताच सही ठोकली आणि पळाला. तो उठला तशी मनस्विनी त्याच खुर्चीवर बसली, चार नंबर रिकामा असून. "खुर्ची गरम आहे," म्हणाली. दहा मिनिटांत गेलीसुद्धा, बाय न करता. उद्या प्रॅक्टिकल आहे बिचारीची.

मी मधे स्वतःला एक मेल पाठवला, ६.०२ ला. आला.

शुक्रवार, ७ मार्च

कॉलेजात बॉम्ब!! म्हणजे बॉम्बचा मेल. प्रिन्सिपलच्या आयडीवर काल आला: फिजिक्स लॅबमध्ये बॉम्ब आहे, परीक्षा घेतलीत तर उडवू. कॉलेज रिकामं केलं, कोल्हापूरहून कुत्रा मागवला, काही सापडलं नाही. प्रॅक्टिकल मंगळवारवर गेली.

पोलिसांना मेलचं काही कळेना तेव्हा कोणीतरी माझं नाव सांगितलंन. पीएसआय घोसाळकर म्हणून आहेत, मिशी, आवाज खर्जातला. मी हेडर उघडून दाखवलं. वेळ अमेरिकेची होती, पहाटे चार अठ्ठेचाळीस. साडेतेरा तास मिळवले. म्हणजे आपल्याकडचे काल संध्याकाळचे सहा अठरा.

आणि कनेक्शनचा नंबर ओळखीचा वाटला म्हणून माझा कालचा मेल उघडला. काल ६.०२ ला मी स्वतःला पाठवलेल्या मेलवर तोच नंबर! मेल आमच्या कॅफेतून गेलाय.

"साहेब," मी म्हटलं, "हे आमचंच."

घोसाळकर म्हणाले, "पोरा, हे तू लपवलं असतंस तर आम्हाला सहा महिने कळलं नसतं."

मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही साहेब. माणसं बोलतात."

बघ, असं वाक्य सुचलं मला.

रविवार, ९ मार्च

पोलिसांची मुंबईची लॅब महिनोन्‌महिने घेते, म्हणून आधी मी बघायचं, मग डिस्क सील करून तिकडे, असं ठरलं. हँडबुकाप्रमाणे मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी कॉपी. पोलिसांकडे रिकामी डिस्क नव्हती, चार नंबर गुरुवारी त्या वेळी रिकामा होता, म्हणून त्याची डिस्क मी तात्पुरती काढून दिली. आप्पा बोंबलले. एका मशीनच्या कॉपीला सहा तास लागले, तेवढ्यात मनस्विनीचे ग्राफ काढले. चौदा. सगळे सुंदर झाले. न्यायला आली तेव्हा डोळे सुजलेले, जागरण असणार. "सापडतो का रे?" तिने विचारलं. माझ्या कामात एवढा इंटरेस्ट आजवर कोणी घेतला नव्हता. म्हटलं, "सापडणारच."

मंगळवार, ११ मार्च

सापडला.

तीन नंबरच्या डिस्कवर. हिस्टरी पुसली होती, पण पुसलेलं परत काढता येतं, तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. 'तुमचा मेल पाठवला' असं पान, खाली प्रिन्सिपलचा आयडी. वेळ सहा अठरा. मशीनची घड्याळं मी दर रविवारी आकाशवाणीच्या टोल्यावर लावतो, त्यामुळे अमेरिकेचा सर्व्हर आणि आमचं मशीन यांत फरक किती? चार सेकंद! खुर्चीतून उठून उभा राहिलो मी.

मग रजिस्टर उघडलं. गुरुवार, तीन नंबर. माझंच अक्षर. 'रितेश, ६.१० ते ६.३५.' शेजारी त्याची सही.

पाणी प्यायलो. परत बघितलं. सहा दहा ते सहा पस्तीस. सहा अठरा मधे येतं.

त्याला जाऊन विचारावं असं मनात आलं. हँडबुक म्हणते, संशयिताला सांगू नये. तीन वाजता ठाण्यावर गेलो.

बुधवार, १२ मार्च

रितेशला लॅबमधून उचललं. मी ठाण्यात बाकावर होतो, दार उघडं होतं, ऐकू येत होतं.

"मी नाय केला साहेब. कोणी केलान मला काय म्हाईत?"

"किती वाजता उठलास?"

"सव्वासहा."

"रजिस्टरात सहा पस्तीस आहे. सही कोणाची?"

"सही माझीच. पण मी सव्वासहाला..."

"म्हणजे वेळ पण खोटी सांगतोस."

तो खोटं बोलतोय हे ऐकलं आणि मला बरं वाटलं. खरंच लिहितो. बाहेर नेताना त्याने मला बघितलं. "उन्मेष, तू सांग ना यांना," म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं की मीच सांगितलंय.

मंगळवार, १८ मार्च

शिमगा. पेपरात माझं नाव आलंय, 'स्थानिक संगणकतज्ज्ञ'. बाबांचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा हवेबद्दल विचारलं नाहीत. "शाळेत सगळ्यांनी वाचलं," एवढंच म्हणाले.

रितेश म्हणायचा, शिमग्याला मुंबईतला माणूस मुंबईत राहत नाही. पालखी त्याच्या घरी येते तेव्हा त्याची आई अंगण सारवून उभी असते, भाऊ शारजात म्हणून दोन वर्षं पालखीला खांदा हाच देतो. यंदा मलाही नेणार होता.

संध्याकाळी स्वतःला मेल पाठवला. मग उघडला नाही. काय असणार त्यात.

मनस्विनी नऊ तारखेनंतर आलेली नाही. परीक्षा संपली असेल.

मंगळवार, २५ मार्च

रितेश काल जामिनावर सुटला. आज कॅफेत आला. दाढी वाढलेली. नोकरी गेली, पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं, हे मला आप्पांकडून आधीच कळलं होतं.

"भावाचे मेल बघायचेत. वीस दिवस झाले."

आप्पा पाठमोरे बसून म्हणाले, "उन्मेष, जागा नाही म्हणावं."

मशीन तीन होती, पोलिसांकडची सोडून. तिन्ही रिकामी. पंखा फिरत होता, पडदे हलत होते, सगळं दिसत होतं.

मी म्हटलं, "जागा नाही रे."

त्याने एक एक खुर्ची बघितली. हळूहळू, मोजल्यासारखी. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

शनिवार, २९ मार्च

आई आली होती देवरुखहून. पेपरचं कात्रण दाखवायला आणि डब्यात कुळथाचं पिठलं घेऊन. कॅफेतच बसली, माझ्या स्टुलावर. सगळ्यांना सांगत होती, "हा माझा मुलगा." मी लाजलो, पण बरं वाटलं. बोलता बोलता तिने भिंतीकडे बघितलं आणि पिशवी उचलली.

"अगोबाई, पाच चाळीस! माझी पाच पस्तीसची गाडी गेली!"

"बस गं आई," मी म्हटलं, "ते घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. आप्पांनी लावलंय, गाडी चुकू नये म्हणून."

"आणि तुम्ही सगळे तसेच वागता?"

"सगळ्यांना माहितीये, मनात वजा करतात..."

वाक्य पूर्ण झालं नाही. आई म्हणाली, "काय रे? असा पांढरा का पडलास?"

तिला गाडीत बसवलं. काय बोललो आठवत नाही. परत येऊन भिंतीसमोर उभा राहिलो. रजिस्टर मी भरतो. वर बघतो आणि जे दिसतं ते लिहितो. तीन वर्षं. कॅफेत कोणी ते घड्याळ खरं मानत नाही, मीसुद्धा. पण ते पुढे आहे असं मोठ्याने म्हणायची वेळच कधी आली नाही, कारण इथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेचे साडेतेरा तास मी मिळवले. भिंतीवरची वीस मिनिटं वजा नाही केली.

६.१० ते ६.३५. म्हणजे पाच पन्नास ते सव्वासहा.

सव्वासहा. तो पहिल्यापासून तेच सांगत होता.

मग तुला उघडलं. ६ मार्च. तिथे लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, त्याच दिवशीचं: 'सव्वासहा झाले.' आणि तो उठल्यानंतरचं वाक्य.

ते आज परत लिहीत नाही.

सोमवार, ३१ मार्च

घोसाळकरांना घड्याळाचं सांगितलं. ते कॅफेत आले, स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघितलं, आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "अहो साहेब, त्यात काय? आमच्याकडे सगळ्यांना माहितीये."

"आम्हाला नव्हतं ना माहीत!" घोसाळकर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "तज्ज्ञ!"

मी रजिस्टर पुढे केलं.

"बरं. सव्वासहाला तो उठला असं धरू. मेल गेला सहा अठराला. त्यानंतर तीन नंबरवर कोण?"

"नोंद नाही साहेब."

"नोंद नाही म्हणजे? रिकाम्या खुर्चीने मेल केलान काय?"

त्या ओळीखाली काहीच नव्हतं, मी पान दाखवलं.

"नोंद नाही म्हणजे तोच बसून राहिला असं कोर्ट म्हणेल. सही करून परत बसला. तुला कोण आठवतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

यंत्र खोटं बोलत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

ती आली. संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला. नवीन ड्रेस, हातात रिझल्टसाठीचं पाकीट. आप्पा मागे प्रिंटरशी झटत होते.

"कसा आहेस? पेपरात वाचलं तुझ्याबद्दल."

मी रजिस्टर फिरवून तिच्यासमोर ठेवलं. पेन वर ठेवलं.

"नाव लिही."

"आज काय एकदम?"

"नियम आहे."

"पैसे हवेत का? देते की."

"नाव लिही फक्त. आणि वेळ."

तिने पेन घेतलं. 'मन' एवढं लिहिलं आणि थांबली. तिने मागची पानं चाळली, सहा मार्चला आली, बोट खाली नेत गेली. स्वतःचं नाव शोधत होती. नाही सापडलं. वर बघितलंन तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि तरी चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"तू लिहिलंच नाहीस मला," म्हणाली. अगदी हळू.

"नाही."

"जर्नलला सही नव्हती रे. एक आठवडा हवा होता फक्त. बाबांना कसं सांगणार होते... मला वाटलं, कोणालाच काही होणार नाही."

"रितेशला झालं."

तिने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "तू माझ्यासाठी एवढं करतोस, ते का ते मला कळतं बरं का." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

या हातासाठी मी फेब्रुवारीपासून... जाऊ दे. तू सगळं वाचलेलं आहेस. तो हात गार होता आणि घाबरलेला होता, आणि माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. मला हे अठ्ठावीस फेब्रुवारीलाच दिसायला हवं होतं. ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी लिहिलं, पण काय दिसलं ते कळलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

पाडवा. कॅफे बंद. समोरच्या बिल्डिंगमध्ये सहा गुढ्या आहेत. खानावळवाल्याने डब्यात श्रीखंड घातलंय, एक वाटी.

सकाळी खेडशीला गेलो. रितेशच्या खोलीला कुलूप. घरमालकीण काशीबाई म्हणाल्या, "गावाला गेला तो. सामान नेलान सगळं." मंडणगडच्या गाडीची चौकशी केली. मग वाटलं, जाऊन काय नेणार आहे मी? माफी? आधी जे न्यायला हवं ते उद्या ठाण्यावर न्यायचंय.

सहा तारखेची नोंद रजिस्टरात नाही, पण आहे. या वहीत. त्याच दिवशी लिहिलेली, खाडाखोड न करता. घड्याळ, गाडी, खुर्ची, चार नंबर रिकामा, सगळं.

काल रात्रीपासून ब्लेड घेऊन बसलोय. ते एक पान कापून द्यावं म्हणून. पण हँडबुकात पान एकोणीसवर लिहिलंय: तुकडा देऊ नका. तुकडा कोणीही बनवू शकतं. आख्खी मूळ वस्तू द्या, आहे तशी. एक पान दिलं तर वकील म्हणेल, काल रात्री लिहिलंन मित्राला सोडवायला. आख्खी वही दिली तर तारखांमागे तारखा आहेत, शाई बदललेली आहे, भाजीचा डाग आहे. खरी वाटेल. पण मग घोसाळकर वाचणार. त्यांचे हवालदार वाचणार. दोन्हीकडचे वकील, न्यायाधीश, आणि सगळं कोर्टात मोठ्याने वाचलं तर बाबासुद्धा. स्वतःला पाठवलेले मेल. गार हात. रिकाम्या तीन खुर्च्या.

ब्लेड ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तर हे आता तुला नाही, तुम्हाला लिहितोय. जे कोणी हे वाचत असाल त्यांना. मेल सहा अठराला गेला, रितेश सव्वासहाला उठला होता, आणि त्या खुर्चीवर मनस्विनी बसली होती. ती वाईट नाही, घाबरली होती, हेही नोंदवा. एवढ्या तीन गोष्टी मी शपथेवर सांगेन. बाकीचं तुमच्या समोरच आहे: मित्राला न विचारता मी त्याचं नाव दिलं, तो खोटारडा ठरला तेव्हा मला बरं वाटलं, जागा असून नाही म्हटलं, आणि परवा पोलिसांना तोंडावर 'आठवत नाही' सांगितलं. वकील हे सगळं मला विचारतील आणि मी हो म्हणेन.

आता तुम्हीच सांगा, असा साक्षीदार तुमच्यासमोर उभा राहिला, तर त्याच्या वहीवर तुम्ही विश्वास ठेवाल का?